थांबण्याचा हिशेब

पूर्व विदर्भात धानाचा हंगाम एका दमात येतो. आधी हलका धान, पाठोपाठ मध्यम, मग भारी. दिवाळीच्या आगेमागे कापणी सुरू होते आणि बघता बघता भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चारही जिल्ह्यांतला धान विक्रीला निघतो. आधारभूत खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. काटे मोजके, हमालांची टोळी ठरलेली, बारदाना आहे तर आहे. ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला तर धान पुन्हा वाळवायला घालायचा. शेतकरी थांबतो, आणि आपण का थांबलो याचं उत्तर समोरच्या काट्यावर शोधतो, कारण त्याला तेवढंच दिसतं.

उत्तर पुष्कळदा काट्यापासून बरंच दूर असतं. मोजलेला धान 40 किलोच्या कट्ट्यांत भरून गोदामात जातो. तिथून राईस मिलवाला आदेश घेऊन तो भरडाईसाठी उचलतो आणि अरवा, म्हणजे न उकडलेला तांदूळ असेल तर क्विंटलमागे 67 किलो तांदूळ शासनाच्या गोदामात जमा करतो. तांदळाचं गोदाम भरलं की मिलवाल्याचे ट्रक दारात उभे राहतात. ट्रक उभे म्हणून मिलमध्ये तांदूळ साचतो, तांदूळ साचला म्हणून मिलवाला नवा धान उचलत नाही, धान उचलला जात नाही म्हणून केंद्राचं गोदाम भरलेलंच राहतं, आणि शेवटी काटा बंद पडतो. रांग लागते काट्याशी, तिचं मूळ असतं तांदळाच्या गोदामाच्या दाराशी. अशा वेळी केंद्रावर आणखी एक काटा बसवला तर पैसे जातात, रांग जागची हलत नाही.

एकमेकांत गुंतलेल्या अशा कामांची मॉडेलं संगणकावर कशी बांधायची, हा या पुस्तकाचा विषय. या पद्धतीचं रूढ नाव डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन. मी पुढे घटनाधारित सिम्युलेशन किंवा नुसतं सिम्युलेशन म्हणेन. पद्धत कारखान्यांत, बंदरांत, रुग्णालयांत, रेल्वेत गेली साठ वर्षं वापरात आहे. मराठीत मात्र तिच्याविषयी सलग, कामाला येईल असं लेखन हाताशी नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला एखादा पेपर, त्यात इंग्रजीतली सूत्रं, परीक्षेपुरती पाठ केलेली. ज्याला काटा, भरडाई आणि गोदाम आतून ठाऊक आहे त्याच्यापर्यंत ती विद्या पोचत नाही. ज्याच्यापर्यंत पोचते त्याने काटा पाहिलेला नसतो. हे अंतर मला फार जाचतं, आणि या पुस्तकाचं स्वागत करण्याचं पहिलं कारण तेच.

आणि विषय तर आपल्या आजूबाजूलाच आहे. कुडव्याचंच घ्या, गोंदिया शहराला खेटून असलेलं गाव. इथे बसून हा विषय शिकायचा तर उदाहरणांसाठी लांब जावं लागत नाही. आजूबाजूला राईस मिली आहेत, जवळच गोंदिया जंक्शन आहे, सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंतचा प्रवास आहे, तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या वीज केंद्रात कोळसा घेऊन येणाऱ्या मालगाड्या आहेत. चारही ठिकाणी काहीतरी येतं, कशाची तरी वाट पाहतं, कोणीतरी त्यावर काम करतं आणि ते पुढे सरकतं.

सिम्युलेशनचा गाभा साधा आहे. केंद्रावर दिवसभर जे चालतं त्यातल्या बहुतेक क्षणांना नवं काहीच घडत नाही. ट्रॉली आली, काटा मोकळा झाला, बारदाना संपला, जेवणाची सुट्टी झाली, एवढ्याच क्षणांना परिस्थिती बदलते. या क्षणांना घटना म्हणायचं. संगणक पुढच्या घटनांची एक यादी ठेवतो, त्यातली सर्वांत जवळची उचलतो, घड्याळ थेट तिथे नेतो, त्या घटनेने जे बदलायचं ते बदलतो, आणि तिच्यामुळे पुढे ज्या घटना घडणार त्या यादीत टाकतो. मधली शांत मिनिटं तो ओलांडून जातो. म्हणूनच चार महिन्यांचा अख्खा हंगाम साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत चालवून पाहता येतो, आणि दुसऱ्या काट्यासह, दुसऱ्या गोदामासह, वेगळ्या वेळांसह पुन्हा पुन्हा चालवता येतो.

पण याची गरजच काय? सरासरी काढून भागत नाही का? इथे थोडं आकड्यांत शिरलं पाहिजे, कारण नवख्या वाचकाला हा विषय पटतो तो इथेच.

एकच काटा आहे आणि एका शेतकऱ्याचा माल मोजायला सरासरी 30 मिनिटं लागतात असं समजू. शेतकरी सरासरी 33 मिनिटांच्या अंतराने येतात. कागदावर हिशेब ठीक आहे: प्रत्येकामागे 3 मिनिटं शिल्लक. सगळे घड्याळ लावून 33 मिनिटांनी आले आणि प्रत्येकाला बरोबर 30 मिनिटंच लागली तर कोणालाच थांबावं लागणार नाही. पण कोणी पाच कट्टे घेऊन येतो, कोणी ऐंशी. तीन ट्रॉल्या एकदम येतात, मग तासभर कोणी नाही. हे येणं आणि मोजणं पूर्ण अनियमित धरलं तर रांगांच्या गणितातलं सर्वांत साधं सूत्र सांगतं की दीर्घकाळात सरासरी थांबणं होतं 5 तास. शेतकरी 35 मिनिटांच्या अंतराने आले तर 3 तास. 40 मिनिटांच्या अंतराने आले तर दीड तास. काटा जसजसा पूर्ण व्यग्रतेकडे सरकतो तसं थांबणं सरळ रेषेत वाढत नाही, ते उसळी घेतं. 35 ऐवजी 33 मिनिटं, म्हणजे येण्यातला दोन मिनिटांचा फरक, आणि माणसाच्या वाट्याला येतात आणखी दोन तास.

याच सूत्रांतली आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मोजणीचा वेग काडीचाही न वाढवता फक्त प्रत्येक मोजणीला सारखाच वेळ लागेल अशी व्यवस्था केली, तर त्या 5 तासांचे अडीच होतात. नवा काटा नाही, नवा माणूस नाही. केवळ चढउतार कमी केला. मोठा आणि छोटा माल वेगळ्या वेळी बोलावणं, बारदाना आधीच मोजून ठेवणं, ओलावा तपासणी काट्याच्या आधी उरकणं, असल्या साध्या उपायांमागे हे गणित उभं आहे.

मग सूत्रंच का वापरू नयेत? कारण ती दीर्घकाळाच्या स्थिर चित्राची आहेत. आपलं केंद्र सकाळी रिकाम्या रांगेने उघडतं, दुपारी गर्दी चढते, संध्याकाळी बंद होतं. हमाल जेवायला जातात. गोदाम भरतं आणि मागचं सगळं अडतं. सूत्रं एवढ्या गुंतागुंतीपुढे हात टेकतात, आणि तिथून सिम्युलेशन सुरू होतं. तरीही सूत्रं आधी शिकावीत असं माझं ठाम मत आहे. मॉडेलने दिलेलं उत्तर वेडंवाकडं आहे की बरोबर, हे ओळखण्यासाठी मनात एक अंदाज लागतो, आणि तो अंदाज सूत्रं देतात. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम तर हमालालाही सांगता येईल असा आहे: आवारात सरासरी 24 ट्रॉल्या असतील आणि तासाला 2 मोकळ्या होत असतील, तर एका ट्रॉलीचे सरासरी 12 तास आवारात जातात. कोणत्या क्रमाने, कशा अनियमितपणे, याने काही बिघडत नाही.

या विद्येचा उगम टेलिफोनच्या तारांत आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले आग्नर क्रारूप एर्लांग यांनी 1909 मध्ये फोनकॉलच्या येण्यावर पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. किती तारा ठेवल्या तर किती ग्राहकांना लाईन मिळणार नाही, याचं त्यांचं सूत्र 1917 मधलं. पुढची काही दशकं हे गणितज्ञांचं क्षेत्र राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अलामॉसमध्ये स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी अणुभौतिकीतल्या प्रश्नांसाठी यादृच्छिक आकडे वापरून हिशेब करण्याची मॉन्टे कार्लो पद्धत उभी केली. त्यातून एक नवी वाट खुली झाली: समीकरण सुटत नसेल तर प्रसंगच हजारदा घडवून पाहावा.

ही वाट कारखान्यात आणली ती कीथ टोचर यांनी. ब्रिटनच्या युनायटेड स्टील कंपनीत काम करताना पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या, क्रेन आणि त्यांची एकमेकांसाठी होणारी अडवणूक संगणकावर मांडण्यासाठी त्यांनी 1960 च्या सुमारास जनरल सिम्युलेशन प्रोग्रॅम तयार केला. नंतरची दोन-चार वर्षं विलक्षण आहेत. 1961 मध्ये आयबीएममधल्या जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही भाषा आणली. त्याच वर्षी लिटल यांची सिद्धता आली, आणि गर्दी वाढली की थांबणं कसं फुगतं याचं जॉन किंगमन यांचं सूत्रही त्याच वर्षीचं. रँड कॉर्पोरेशनमध्ये हॅरी मार्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमस्क्रिप्ट घडवली. पुढे 1990 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मार्कोविट्झ ते हेच. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी सिम्युला लिहिली. या सिम्युलाचं ऋण आजच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमरवर आहे. जगातल्या वस्तू आपापली माहिती आणि वागणूक घेऊन वावरतात, तशाच त्या संगणकात मांडाव्यात, ही कल्पना रांगांचं अनुकरण करता करता जन्मली आणि सिम्युला 67 मधून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणून जगभर गेली. सी प्लस प्लस रचणाऱ्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरली होती. डाल आणि न्यूगोर यांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या काळातच या क्षेत्रात तीन घराणी तयार झाली, आणि त्यांच्यातला फरक आजही कामाचा आहे. पहिलं घराणं घटनेकडे पाहतं. ‘ट्रॉली आली’ ही घटना घडली की काय काय करायचं, ‘मोजणी संपली’ की काय काय, अशी कामांची यादी लिहायची. सिमस्क्रिप्ट आणि फिलिप किव्हिएट यांची गॅस्प या वळणाच्या. संगणकाला हे सोपं, माणसाला अवघड, कारण एका ट्रॉलीची कथा दहा तुकड्यांत विखुरते. दुसरं घराणं क्रियेकडे पाहतं: मोजणी कधी सुरू होऊ शकते? ट्रॉली हजर, काटा मोकळा, हमाल हजर, बारदाना शिल्लक, या चारही अटी जुळल्या की. ब्रिटनमध्ये हे वळण रुजलं. टोचर यांची त्रिपदी पद्धत त्यातलीच. आपल्याकडच्या कामांना हे घराणं फार मानवतं असं मला वाटतं, कारण आपल्याकडे काम क्वचितच एका साधनावर अडतं. चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात आणि चौथी नेमकी नसते. तिसरं घराणं प्रक्रियेचं. एका ट्रॉलीचा हात धरून तिच्याबरोबर फाटकापासून बाहेर पडेपर्यंत चालायचं: रांगेत लाग, काटा धर, इतका वेळ थांब, काटा सोड, निघ. जीपीएसएस आणि सिम्युला इथल्या. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर चौकोन मांडून बाण जोडतात, ते याच घराण्याचे वंशज. धरणं, थांबणं, सोडणं हे तीन चौकोन गॉर्डन यांच्या काळापासून जवळपास तसेच आहेत.

सत्तरच्या दशकापर्यंत हे काम पंचकार्डांवर चालायचं. 1982 मध्ये डेनिस पेग्डेन यांनी सिमान आणली, वैयक्तिक संगणक आले, विटनेससारख्या पॅकेजांनी पडद्यावर हलणारं चित्र दिलं, आणि 1993 मध्ये सिमानवर उभं राहिलेलं अरेना आलं. त्याच्या आगेमागे आणि पुढे प्लांट सिम्युलेशन, प्रोमॉडेल, सिम्युलएट, फ्लेक्ससिम, एनीलॉजिक, सिमिओ अशी रीघ लागली. चित्र हलू लागल्याचा एक मोठा फायदा झाला: व्यवस्थापक आणि कामगार दोघेही पडद्याकडे बोट दाखवून ‘असं होत नाही’ म्हणू लागले. तोटाही तितकाच. त्रिमितीत फिरणारी फोर्कलिफ्ट पाहिली की मॉडेल खरं आहे असं वाटू लागतं. चित्राच्या देखणेपणाचा आणि उत्तराच्या खरेपणाचा काहीही संबंध नाही. मॉडेल तपासायला बसलेल्याने पहिला तासभर चित्र बंद ठेवावं.

महाराष्ट्रात ही विद्या ठसठशीतपणे वापरली गेली ती रेल्वेसाठी. आयआयटी मुंबईत प्रा. नारायण रंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वेमार्गाच्या क्षमतेचा अभ्यास करण्यासाठी सिम्युलेटर विकसित केला. त्याची कल्पना धान केंद्रापेक्षा वेगळी नाही. गाडी पुढचा ब्लॉक सेक्शन, म्हणजे एका वेळी एकाच गाडीला मिळणारा मार्गाचा तुकडा, मागते. तो मोकळा नसेल तर सिग्नलला किंवा लूप लाईनवर थांबते. जलद गाडी मागून येत असेल तर मालगाडीला बाजूला घेतात. 2020 मध्ये भारतीय रेल्वेने शून्याधारित वेळापत्रकाचं काम हाती घेतलं, म्हणजे जुन्या वेळांना ठिगळं न लावता सगळं नव्याने मांडायला घेतलं, तेव्हा आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची मदत घेतली गेली. गोंदिया ज्या हावडा–मुंबई मार्गावर आहे तो देशाच्या सुवर्ण चतुष्कोनाची एक बाजू. या एका जंक्शनात मुख्य मार्ग, बालाघाटवरून जबलपूरला जाणारा मार्ग आणि बल्लारशाहचा मार्ग एकत्र येतात. तिन्ही मार्गांच्या गाड्यांना तेच फलाट, तीच मार्गिकांची ओलांडणी वापरावी लागते.

आणि हा विषय आज निकडीचा का, तेही इथेच दिसतं. 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशाह मार्गाच्या दुहेरीकरणाला आणि गोंदिया–डोंगरगड चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली. मार्गिका वाढल्या की दोन स्थानकांमधलं थांबणं कमी होणार हे उघड आहे. पण थांबणं नाहीसं होतं की जंक्शनच्या तोंडाशी सरकतं? धान मोजण्याचा वेग दुप्पट केला तर गोदामाशी काय होईल? रुग्णालयात केसपेपर ऑनलाइन केले तर गर्दी डॉक्टरांच्या दारात वाढेल का? प्रत्येक सुधारणेबरोबर अडचण कुठे जाते, हा प्रश्न काम पूर्ण झाल्यावर विचारला जातो, तेव्हा सिमेंट वाळलेलं असतं. तो आधी विचारण्याचं साधन आता महागडं राहिलेलं नाही. जामसिम हे पॅकेज पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे. पायथॉन येत असेल तर सिमपाय आहे. एनीलॉजिकची शिकण्यापुरती आवृत्ती फुकट मिळते. अरेनाची विद्यार्थी आवृत्ती एका वेळी मॉडेलमध्ये फक्त 150 एंटिटी, म्हणजे ट्रॉलीसारख्या फिरत्या वस्तू, राहू देते, पण पहिल्या वर्षाला तेवढं पुरतं.

हल्ली ‘डिजिटल ट्विन’ हा शब्द फार कानावर येतो. कारखान्याचं जिवंत प्रतिरूप संगणकात, सेन्सरमधून सतत भरलं जाणारं. त्यातलं बरंचसं खरं आणि उपयोगी आहे. पण त्याच्या पोटात बहुधा हीच घटनांची यादी आणि हीच रांग असते, आणि ती बांधणाऱ्याला प्रक्रिया समजली नसेल तर सेन्सर कितीही लावा. या पुस्तकाने या शब्दाच्या मागे न लागता मूळ कारागिरीवर भर दिला, हे मला योग्य वाटतं.

ही कारागिरी कशात आहे? सॉफ्टवेअर शिकण्यात तिचा लहानसा भाग आहे. मोठा भाग विचारण्यात आणि मोजण्यात. खरेदी केंद्राचं उदाहरण पुन्हा घ्या. नोंदवहीत किती कट्टे आले, कोणाचे आले, कोणत्या तारखेला आले ते सापडतं. ट्रॉली फाटकाशी किती वाजता उभी राहिली ते सहसा सापडत नाही, कारण ती नोंद ठेवण्याची कोणाला गरज पडलेली नसते. थांबण्याचा हिशेब करायचा तर नेमकी तीच वेळ हवी. मग कोणीतरी फाटकाशी बसून लिहून घ्यावं लागतं. शिवाय नोंदवहीत न आलेला माणूस असतो: रांग पाहून परत गेलेला, किंवा पैशांची निकड म्हणून हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याला धान देऊन मोकळा झालेला. जो टिकला त्याचंच थांबणं आपण मोजतो. केंद्राचं काम सुधारलं तर ही निघून गेलेली माणसं परत येतील आणि रांग पुन्हा लांबेल. मॉडेलमध्ये त्यांना जागा नसेल तर सुधारणेनंतरचं चित्र वास्तवापेक्षा गोड दिसेल. माझ्या मते संपूर्ण विषयातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे, आणि पुस्तकात तिच्यावर खर्च केलेली पानं मला सर्वांत आवडली.

मोजमाप हाती नसेल तर हमालांना आणि धानाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरला विचारावं: कमीत कमी किती वेळ, जास्तीत जास्त किती, आणि बहुतेक वेळा किती. या तीन आकड्यांवर त्रिकोणी वितरण बसवून कच्चं मॉडेल उभं राहतं. ते कच्चं आहे हे लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

मॉडेल उभं राहिल्यावर दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. जे बांधायचं ठरवलं होतं तेच बांधलं का? आणि जे बांधलं ते खऱ्या केंद्रासारखं वागतं का? पहिला प्रश्न मॉडेल बांधणाऱ्याचा. दुसऱ्याचं उत्तर केंद्रावर काम करणाऱ्या माणसाशिवाय मिळत नाही. गेल्या हंगामाची आवक मॉडेलला द्यावी, त्याने दाखवलेली रांग ग्रेडरपुढे ठेवावी आणि तो काय म्हणतो ते ऐकावं.

त्यानंतर येतो संख्याशास्त्राचा भाग, जिथे घाई करणारे घसरतात. एकदा चालवलेलं मॉडेल म्हणजे एकच हंगाम. तो हंगाम योगायोगाने बरा गेलेला असू शकतो. वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी वीस, तीस, पन्नास वेळा चालवावं आणि सरासरीबरोबर तिचा पल्लाही सांगावा. दोन पर्यायांची तुलना करताना दोघांना तीच गर्दी द्यावी, म्हणजे फरक पर्यायाचा की नशिबाचा हे कळतं. केंद्र रोज सकाळी रिकामं सुरू होतं, तेव्हा पहिल्या मिनिटापासून मोजायचं. राईस मिल मात्र हंगामभर चालू असते, तिथे सुरुवातीचा रिकामेपणा निकालात धरला तर आकडे खोटे चांगले दिसतात. ही दोन परिस्थितींतली वेगळी वागणूक विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा उमगते. पुस्तकाने ती सुरुवातीलाच आणली आहे.

लेखकांनी धानाची साखळीच पुस्तकाचा कणा केली आहे. फाटक, ओलावा तपासणी, काटा, गोदाम, मिलमधलं शेलरपासून पॉलिशर आणि सॉर्टेक्सपर्यंतची यंत्रं, ट्रक, तांदळाचं गोदाम. मॉडेल एका काट्यापासून सुरू होतं आणि वाचकाच्या हातून वाढत जातं. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बांधायचं याचा आग्रह नाही. आधी कागदावर घटना, साधनं आणि अटी लिहायच्या, मग जे हाताशी असेल त्यात उतरवायचं. मला हे पटतं, कारण पॅकेजं बदलतात, मालक बदलतात, परवान्यांच्या किमती बदलतात, आणि कागदावर नीट मांडलेली प्रक्रिया कोणत्याही पॅकेजमध्ये नेता येते. नरसिंग देव यांच्या पाठ्यपुस्तकाने भारतातल्या अनेक विद्यार्थ्यांना सिम्युलेशन मुळापासून, प्रोग्रॅम लिहून शिकवलं. त्या परंपरेशी या पुस्तकाचं नातं आहे. परिभाषेच्या बाबतीत लेखकांनी व्यवहार पाहिला आहे. रांग, काटा, गोदाम मराठीत. मॉडेल, एंटिटी, रिसोर्स जसं कामाच्या ठिकाणी बोलतात तसं.

काही गोष्टी इथे नाहीत. पैशांचा, साठ्याचा, मागणीचा संथ प्रवाह वर्षानुवर्षांच्या मापाने पाहायचा तर जे फॉरेस्टर यांनी पन्नासच्या दशकात घडवलेली सिस्टिम डायनॅमिक्सची पद्धत जास्त योग्य. एकेका शेतकऱ्याचं ठरवणं, शेजाऱ्याला पाहून बदलणं, अफवेने धावणं हे मांडायचं तर एजंटाधारित मॉडेलं लागतात. पुस्तक या दोन्हींच्या सीमेपर्यंत जातं आणि थांबतं. भावाचं, धोरणाचं, बोनस मिळणार की नाही याचं उत्तरही सिम्युलेशन देत नाही. ते फक्त एवढं सांगतं की हे नियम, ही साधनं आणि ही आवक असेल तर कोण किती थांबेल, आणि कशामुळे. नियम बदलायचे की नाहीत हा निर्णय माणसांचा.

वाचकाकडून फार तयारीची अपेक्षा नाही. बारावीपर्यंतचं गणित, सरासरी आणि विचलन यांची ओळख, आणि स्प्रेडशीट चालवण्याची सवय एवढं पुरे. प्रोग्रॅमिंग येत असेल तर उत्तरार्ध सोपा जाईल. पण वाचताना आपल्या ओळखीचं एक ठिकाण निवडून त्याचीच नोंद घेत जावी, अशी माझी सूचना आहे: गावातलं धान केंद्र, एसटीचं बसस्थानक, दूध संकलन केंद्र, बँकेची शाखा, शाळेतलं पोषण आहाराचं वाटप. पहिल्या आठवड्यात फक्त दोन रकाने, आलेली वेळ आणि निघालेली वेळ. ते दोन रकाने भरले की लिटल यांचा नियम लावता येतो, आणि पुस्तकातलं पहिलं मॉडेल त्या आकड्यांवर चालवता येतं.